नाव जुने, धनी नवा

बाजारपेठेत पुष्कळ वर्षे सचोटीने चाललेले एखादे दुकान असते. माप पुरे, माल चोख. म्हणून आसपासच्या खेड्यांतील माणसे तेथे निःशंक मनाने जातात. पुढे दुकानदार धंदा आवरतो. एक परका मनुष्य ती जागा घेतो, जुनी पाटी तशीच ठेवतो आणि आत भेसळीचा माल मांडतो. बिरसा गावात असे घडले तर चार दिवसांत बोभाटा होईल, कारण येथे माणसे एकमेकांना ओळखतात. इंटरनेटच्या बाजारात मात्र हाच व्यवहार नित्य चालतो आणि तेथे धन्याचे तोंड कोणालाच दिसत नाही.

मुलांची शिष्यवृत्ती, परीक्षेचा निकाल, औषधाची माहिती, नोकरीची जाहिरात हे सारे आज आपण मोबाइलवर किंवा एमपी ऑनलाइनच्या दुकानात बसून शोधतो. म्हणून हा व्यवहार कसा चालतो, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

संकेतस्थळाच्या नावाला डोमेन म्हणतात. हे नाव कोणालाही कायमचे मिळत नाही. ठरावीक वर्षांसाठी फी भरून ते आपल्याकडे ठेवावे लागते. मुदत संपली आणि फी भरली नाही, तर डॉट कॉमच्या नावाला प्रथम थोडी सवलत मिळते. त्यानंतर ३० दिवस जादा पैसे भरून ते सोडविता येते. पुढे ५ दिवसांनी नाव मोकळे होते, आणि मग जो प्रथम मागेल त्याचे ते होते. अशा नावांवर टपून बसलेल्या आणि त्यांचे लिलाव करणाऱ्या कंपन्याच आहेत.

परक्याने टाकून दिलेल्या नावाला एवढी किंमत का यावी? त्याचे उत्तर गूगलच्या जन्मात सापडते. अमेरिकेतील स्टॅनफोर्ड विद्यापीठाचे दोन विद्यार्थी, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन, ह्यांनी १९९८ मध्ये ही कंपनी स्थापन केली. त्यांची कल्पना साधी होती. ज्या पानाकडे इतर अनेक चांगली पाने लिंकद्वारे बोट दाखवितात, ते पान विश्वासाचे मानावे व आधी दाखवावे. आज गूगल इतरही पुष्कळ गोष्टी पाहते. तरीही लिंकचे मोल संपलेले नाही. एखाद्या जुन्या शाळेच्या संकेतस्थळाकडे वृत्तपत्रे, सरकारी खाती व सेवासंस्था ह्यांनी अनेक वर्षे बोट दाखविलेले असते. शाळा नाव सोडते, पण ती बोटे तशीच राहतात. नवा धनी खरे म्हणजे नाव विकत घेत नाही. दुसऱ्याने कष्टाने मिळविलेली पत विकत घेतो. त्या पतीवर तो जुगाराचे अड्डे, बनावट औषधे किंवा निरर्थक लेख शोधयादीत वर चढवितो.

ह्याचे एक उदाहरण आपल्यासारख्या खेड्यांतील वाचकांना विशेष जाणवेल. अमेरिकेच्या आयोवा राज्यात ‘क्लेटन काउंटी रजिस्टर’ नावाचे एक लहानसे स्थानिक वृत्तपत्र १९२६ पासून निघत असे. २०२० मध्ये ते दुसऱ्या पत्रात विलीन झाले. त्याचे जुने डोमेन परक्यांच्या हाती गेले आणि गावच्या बातम्यांच्या जागी शेअर बाजारावरील यंत्रनिर्मित लेखांचा पूर आला. २०२४ च्या आरंभी ‘वायर्ड’ मासिकाने हा प्रकार उजेडात आणला.

त्याच वर्षी ५ मार्च रोजी गूगलने अशा वापराविरुद्ध स्पष्ट नियम जाहीर केला. त्यात दिलेले एक उदाहरण असे: पूर्वी जे संकेतस्थळ प्राथमिक शाळेचे होते, त्यावर आता जुगाराचा मजकूर! अशी पाने शोधयादीत खाली ढकलली जातात किंवा काढली जातात. तथापि, चौकीदार नेमला म्हणून चोरी संपत नाही.

नावाला मोल आहे, हे आपल्या न्यायालयांनीही मानले आहे. ‘रेडिफ’शी मिळतेजुळते ‘रॅडिफ’ हे नाव दुसऱ्याने घेतले, तेव्हा १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या बाजूने निर्णय दिला. परंतु खटल्याला वेळ व पैसा लागतो. त्यापेक्षा मुदतीपूर्वी फी भरणे कितीतरी सोपे.

मग आपण काय करावे? घरच्या मंडळींनी नाव पाहून भुलू नये, आतील मजकूर पाहावा. शाळेच्या नावाखाली पैजा किंवा दवाखान्याच्या नावाखाली चमत्कारी औषधे दिसली, तर तेथून त्वरित निघावे. आपला आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील तेथे कदापि देऊ नये. शिष्यवृत्तीचा अर्ज सरकारी स्थळावरच भरावा. नावाच्या शेवटी येणारे ‘डॉट गव्ह डॉट इन’ हे शब्द सरकारी संस्थांनाच मिळतात, बाजारात कोणालाही मिळत नाहीत.

शाळा, धर्मग्राम, पतसंस्था व बचत गट ह्यांच्यावर अधिक जबाबदारी आहे. पुष्कळदा एखादा हौशी तरुण स्वतःच्या नावाने डोमेन घेतो. पुढे तो नोकरीनिमित्त नागपूरला जातो, मुख्याध्यापकांची किंवा धर्मगुरूंची बदली होते, आणि मुदतीची सूचना कोणाच्याच हाती पडत नाही. म्हणून नोंदणी संस्थेच्या नावे असावी, ईमेल व फोन कार्यालयाचा असावा आणि मुदतीची तारीख हिशेबाच्या वहीत लिहिलेली असावी. संकेतस्थळ बंद करावयाचे झाले, तरी नाव आणखी काही वर्षे आपल्याकडेच ठेवावे आणि ज्यांनी त्याला लिंक दिली आहे त्यांना ती काढावयास सांगावे.

वर्षाकाठी भरावयाची ही फी साधारणतः थोडीच असते. ती वाचविण्याच्या नादात पालकांनी व गावाने आपल्या नावावर ठेवलेला विश्वास परक्याच्या हाती जातो, आणि त्याच विश्वासाने आपलीच मुले फसविली जातात. तेव्हा आपल्या संस्थेच्या नावाची मुदत केव्हा संपते, हे ह्याच आठवड्यात विचारून घ्यावे.