माठातला नाद, तोंडातले बोल

नवरात्रात अष्टमीच्या रात्री महालक्ष्मीपुढे घागर फुंकणाऱ्या बायका आपण पाहिलेल्या असतात. रिकाम्या घागरीत श्वास घुमू लागला की अंगावर काटा येतो. पण तीच घागर मांडीवर घेऊन कुणी आयुष्यभर वाजवत बसला तर? घरचे म्हणतील, पोराचं डोकं फिरलं!

१९४२ साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत जन्मलेल्या टी. एच. विनायकराम यांनी मात्र हेच केलं. सगळे त्यांना ‘विक्कू’ म्हणतात. त्यांचं वाद्य घटम्. दिसायला साधा मातीचा माठ, पण पाणी भरायच्या माठापेक्षा जाड आणि चांगलाच जड. मदुराईजवळच्या मानामदुराई गावचे घटम् विशेष नावाजलेले. भट्टीतून निघताना जो सूर लागला तो कायमचा, तबल्यासारखा हातोडी ठोकून तो बदलता येत नाही. म्हणून गायकाच्या पट्टीप्रमाणे वादकाला अनेक घटम् बाळगावे लागतात. माठाचं तोंड पोटाशी धरायचं आणि तळवे, बोटं, मनगट, अगदी नखांनीसुद्धा वाजवायचं. तोंड पोटावर दाबलं की आवाज बदलतो. आणि प्रवासात फुटला, की संपलं!

तिकडे मैफलीला ‘कच्चेरी’ म्हणतात (आपल्या कचेरीशी गल्लत नको). तिथं तालाचा पहिला मान मृदंगम्‌चा. घटम् मागच्या बाजूला, त्याच्या वाट्याला मृदंगम् देईल तेवढीच जागा. ऑक्टोबर १९६६ मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रसंघात गायल्या, तेव्हा टी. के. मूर्ती मृदंगम्‌वर होते आणि घटम् घेऊन बसले होते चोविशीतले विनायकराम. पुढे जॉन मॅकलॉफलिन, एल. शंकर आणि आपले झाकीर हुसेन यांच्या ‘शक्ती’त हा माठ मागच्या रांगेतून पुढे आला. मिकी हार्टच्या ‘प्लॅनेट ड्रम’मध्येही विनायकराम होते. त्या ध्वनिमुद्रिकेला १९९२ मध्ये ग्रॅमी मिळालं.

हातांचं कौतुक सगळे करतात. खरी मेख तोंडात आहे. जे तोंडानं म्हणता येत नाही ते हातानं वाजत नाही, ही दक्षिणेतली जुनी शिकवण. या बोल म्हणण्याच्या कलेला कोन्नकोल म्हणतात. तबलजींच्या पढंतीची ही सख्खी बहीणच, फक्त इथं ती गाण्यासारखी स्वतंत्रपणेही सादर होते. पोळ्या लाटता लाटता करून बघा: तीन मात्रांना त-कि-ट, चारला त-क-धि-मि, दोन्ही जोडले की सात. आता एका हातानं सावकाश टाळी धरा आणि तोंडानं हेच दुप्पट वेगात म्हणा. चार वेळा नीट जमलं तर शाबास!

विनायकराम यांचे वडील टी. आर. हरिहर शर्मा यांनी १९५८ मध्ये मद्रासला ‘श्री जयगणेश तालवाद्य विद्यालय’ काढलं. तिथं सुकन्या नावाची एक मुलगी व्हायोलिन शिकायला आली आणि तालात अडकली. आधी मृदंगम्, मग म्हणाली, मला घटम् हवं. विनायकराम यांना ते पटेना. मुलीच्या हातांना हे झेपणार नाही, असं त्यांचं मत. म्हातारे शर्मा मात्र अडून बसले आणि मुलगा परदेशी असताना त्यांनीच तिला शिकवलं. परत आल्यावर विनायकराम यांनी तिचं वादन ऐकलं आणि पुढं स्वतः शिकवायला घेतलं. मोठ्या कलावंतानं आपलं मत असं मागे घेणं रोज बघायला मिळत नाही.

तरी सुकन्या रामगोपाल यांची वाट सोपी झाली नाही. बाईच्या शेजारी बसायला काही मृदंगम्‌वादक राजी नसत. मग १९९५ मध्ये त्यांनी ‘स्त्री ताल तरंग’ हा फक्त स्त्रियांचा वाद्यवृंद उभारला. वेगवेगळ्या सुरांचे घटम् ओळीनं मांडून त्या ‘घटतरंग’ही वाजवू लागल्या. ज्या माठाला एकच सूर, त्याच माठांवर राग!