पुन्हा एकदा हाती घ्या रंगखडू

मुलाच्या चित्रकलेच्या वहीवर नाव घालून देताना कधी मनात आलंय का, की आपण स्वतः शेवटचं चित्र कधी काढलं होतं? दोन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली नदी, काठावर तिरकं नारळाचं झाड आणि आकाशात चार पक्षी. बहुतेकांची चित्रकला इथेच थांबते. पाचवी-सहावीत कधीतरी शेजारच्या बाकावरच्या मुलीचा घोडा घोड्यासारखा दिसला, आपला गाढवासारखा, आणि आपण ठरवून टाकलं की मला चित्र येत नाही.

त्याआधी येण्या-न येण्याचा प्रश्नच नव्हता. लहान मूल डोळ्यांना दिसतं तसं काढत नाही. त्याला जे माहीत असतं, जे वाटतं, ते काढतं. म्हणून त्याच्या चित्रात भिंतीतून घरातली माणसं दिसतात, आईच्या पोटातलं बाळही दिसतं. जे महत्त्वाचं, ते मोठं. आजी दारापेक्षा उंच आणि तिचे हात सुपाएवढे! ती चूक नसते, ते त्याचं मत असतं.

तुम्हालाही असं मत मांडता येईल. आज रात्री जेवणं आटोपली की एक कागद घ्या, मुलाचेच तेलखडू घ्या (खोडरबर मात्र नको) आणि तुमचं घर काढा. प्रत्येक माणूस, प्रत्येक वस्तू तुमच्या दिवसात जेवढी जागा व्यापते, तेवढ्या आकाराची. कदाचित सिंक हत्तीएवढं होईल. नवऱ्याच्या चेहऱ्याच्या जागी मोबाइल येईल. आणि सगळं काढून झाल्यावर लक्षात येईल की स्वतःला काढायचंच राहिलं. उरलेल्या कोपऱ्यात स्वतःला बसवण्याआधी जरा थांबा, त्या रिकाम्या जागेकडे बघा. हेच तोंडाने सांगायला गेलात तर भांडण होईल, नाहीतर ‘तुझं आपलं काहीतरीच’ ऐकावं लागेल. कागद मध्येच बोलत नाही.

वयाची सबब नको. रवींद्रनाथ टागोर साठी उलटल्यावर चित्रांकडे वळले. कवितेच्या हस्तलिखितातली खाडाखोड जोडता जोडता त्यातून विचित्र प्राणी, चेहरे उमटू लागले. १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं.

हा रिकामटेकडा उद्योग वाटत असेल, तर हेही ऐका. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं रंग, कागद, माती घेऊन हवं ते करू दिलं. सुमारे ७५ टक्के जणांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित हार्मोन कमी झालं. आधी कला येत होती की नाही, याने फरक पडला नाही. अभ्यास छोटाच होता, पण खर्चही कागद-खडूचाच आहे.

चित्र लगेच व्हॉट्सअॅपवर टाकू नका. तिथे अंगठे येतील आणि पुढचं चित्र त्या अंगठ्यांसाठी निघेल. मागे तारीख घाला, वहीत ठेवा. दाखवायचंच झालं तर घरातल्या लहानग्याला दाखवा. ते ‘छान आहे’ म्हणणार नाही. बोट ठेवून विचारेल, ‘ही तू आहेस? मग एवढी छोटी का?’