एका दिवसाचं काम, शंभर दिवसांची वाट

एका स्लॅबला २० वस्तू लागतात असं समजा: सळई, सिमेंट, खडी, प्लाय, वायरिंगचे पाइप वगैरे. प्रत्येक पुरवठादार १० पैकी ९ वेळा माल वेळेवर देतो. तक्रारीला जागाच नाही! तरीही ठरल्या दिवशी विसाच्या वीस वस्तू साइटवर हजर असण्याची शक्यता किती? एकाच्या उशिराचा दुसऱ्याशी संबंध नाही असं धरलं, तर जेमतेम १२ टक्के. वस्तू १०० झाल्या की हा योग साडेसदतीस हजार वेळांत एखाद्या वेळी जुळतो.

आता फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपचा हिशेब. एका लोखंडी फ्रेमला सरासरी एक दिवस लागतो. पण ऑर्डरी कधीही येतात आणि कामाचा वेळही कमी-जास्त होतो. वर्कशॉप ८० टक्के वेळ कामात असेल, तर नव्या ऑर्डरचा नंबर लागायला सरासरी ४ दिवस जातात. ९० टक्क्यांना ९, ९५ टक्क्यांना १९ आणि ९९ टक्क्यांना तब्बल ९९ दिवस. काम एका दिवसाचं, माल हाती शंभराव्या दिवशी.

बरं, ऑर्डरींचा क्रम बदलून पाहावा, तर २० ऑर्डरींचे क्रम होतात २४ हजार कोटी कोटींहून जास्त. सेकंदाला १० लाख तपासले तरी ७७ हजार वर्षं लागतील. म्हणून सिम्युलेशन: निवडक पर्याय घ्यायचे आणि उशीर, बिघाड, गर्दी यांसह अख्खी पुरवठा साखळी कॉम्प्युटरवर हजारो वेळा चालवून पाहायची. बर्कली विद्यापीठातल्या संशोधक आयरिस टॉमेलाइन यांनी १९९८ मध्ये पाइपच्या जुळणीचं असं सिम्युलेशन मांडलं. साइटला आधी काय हवंय ते बघून कारखान्यानं क्रम लावला, तर काम लवकर उरकतं, असं त्यात दिसलं.

काही उपाय तर फुकटात होतात. सळईच्या १०० रिंगा कापायच्या, वाकवायच्या, बांधायच्या, ट्रकवर चढवायच्या; प्रत्येक कामाला वेगळा माणूस आणि रिंगमागे एक मिनिट. शंभरच्या शंभर झाल्यावरच पुढे सरकवल्या, तर ४०० मिनिटं. दहा-दहा सरकवल्या, तर १३०. कुणाचाही हात जास्त भरभर चालला नाही.

तेव्हा पुढची ऑर्डर देताना ‘बनवायला किती दिवस?’ एवढंच विचारू नका. ‘तुमच्याकडे आधीच्या किती ऑर्डरी पडून आहेत?’ हेही विचारा.