शिशाला न जुमानणारा न्यूट्रॉन

मुर्री गावच्या धानाच्या बांध्यांवर पावसासोबत आणखी एक गोष्ट अहोरात्र पडत असते, ती म्हणजे न्यूट्रॉन. अवकाशातून येणारे वैश्विक किरण हवेतल्या अणूंवर आदळतात आणि त्यातून हे कण सुटतात. उन्हाळ्यात भेगाळलेल्या बांधीत शिरलेले कितीतरी न्यूट्रॉन मातीत धडका खात पुन्हा वर उसळतात. रोवणीसाठी पाणी साचलं की उसळणाऱ्यांची संख्या घटते. हा फरक इतका भरवशाचा आहे की हवेतले न्यूट्रॉन मोजून जमिनीतला ओलावा सांगणारी उपकरणं बनली आहेत.

न्यूट्रॉन रोखण्याचं जे काम साध्या पाण्याला जमतं, ते शिशाला जमत नाही! एक्स-रेच्या खोलीत शिशाचा दबदबा असतो, कारण एक्स-रे अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांत अडकतात. न्यूट्रॉनवर विद्युतभारच नाही. इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून तो बेधडक जातो आणि थेट अणुकेंद्रकावर आपटला तरच त्याची चाल बदलते. कॅरममध्ये एक सोंगटी दुसरीवर नेमकी समोरून बसली, की मारणारी जागीच थांबते आणि दुसरी तिचा सगळा वेग घेऊन सुटते. दोघींचं वजन सारखं असल्यामुळे हे घडतं. पाण्यातल्या हायड्रोजनचं केंद्रक जवळजवळ न्यूट्रॉनच्याच वजनाचं, म्हणून ते एका धडकेत त्याची सगळी ऊर्जाही काढून घेऊ शकतं. शिशाचं केंद्रक 200 पटींहून जड आहे. त्यावरून न्यूट्रॉन नुसता उसळतो आणि अशा उसळीत फार तर 2 टक्के ऊर्जा गमावतो. अणुभंजनातून सुटलेला वेगवान न्यूट्रॉन हायड्रोजनमध्ये साधारण 18 धडकांत मंदावतो. तेच युरेनियम-238 मध्ये व्हायला 2,000 हून अधिक धडका लागतात.

पण मंदावलेला न्यूट्रॉन संपलेला नसतो. 1934 मध्ये रोममध्ये एन्रिको फर्मी यांनी न्यूट्रॉनच्या वाटेत मेणाचा ठोकळा ठेवला, तेव्हा पलीकडच्या चांदीत निर्माण होणारी किरणोत्सारिता कमी होण्याऐवजी कितीतरी पटींनी वाढली. मंद न्यूट्रॉन केंद्रकांत जास्त सहज शिरतात. तेव्हा त्यांना गिळणारं कोणीतरी हवं, आणि ते काम बोरॉन करतो. कॅरम बोर्डावर भुरभुरायच्या बोरिक पावडरीतला हाच बोरॉन! निसर्गातल्या बोरॉनचा साधारण पाचवा भाग बोरॉन-10 असतो. तो मंद न्यूट्रॉन गिळतो आणि फुटून लिथियम व हेलियमची केंद्रकं देतो. ती केसाच्या जाडीइतकंही अंतर न जाता थांबतात. हायड्रोजनही न्यूट्रॉन गिळतो, पण त्या बदल्यात जोरदार गॅमा किरण सोडतो. बोरॉनचा गॅमा त्या मानाने सौम्य असतो.

या दोघांना एकत्र आणलं की संमिश्र पदार्थ तयार होतो. पॉलिथिलीनमध्ये वजनाने सुमारे 14 टक्के हायड्रोजन असतो, पाण्यात 11 टक्के. त्यात बोरॉनचं संयुग, बऱ्याचदा 5 टक्के बोरॉन भरेल इतकं, मिसळून जाड पाट्या ओततात. त्या सुताराच्या करवतीने कापता येतात. खरी कसोटी मिसळण्यात आहे. बोरॉन कार्बाइडसारख्या संयुगाचे कण मोठे राहिले किंवा त्यांच्या गाठी झाल्या, तर मधल्या मोकळ्या जागेतून न्यूट्रॉन निसटतात. वजनाच्या काट्यावर बोरॉन पुरेसा भरला तरी ढाल चाळणीसारखी होते. मला या सगळ्या विज्ञानात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते: संरक्षण नुसत्या घटकांवर ठरत नाही, ते कणांच्या मांडणीवरही ठरतं.

4 ऑगस्ट 1956 रोजी तुर्भ्याला सुरू झालेल्या ‘अप्सरा’ अणुभट्टीचा गाभा पाण्याच्या खोल कुंडात होता. तेच पाणी न्यूट्रॉन मंद करी, गाभा थंड ठेवी आणि वर उभ्या असलेल्या माणसांचं रक्षणही करी. जिथे कुंडाला जागा नाही, तिथे या पाट्या लागतात. कर्करोगावर उपचार करणाऱ्या जास्त ऊर्जेच्या लिनॅक यंत्रांतही नको असलेले न्यूट्रॉन निर्माण होतात. म्हणून तशा खोलीच्या जाड दारात बोरॉनयुक्त पॉलिथिलीन न्यूट्रॉनसाठी घालतात आणि शिसं गॅमासाठी.

पॉलिथिलीनची उणीवही मोठी आहे. शंभराच्या थोडं वर तापमान गेलं की ते मऊ पडतं, आणि ते पेटतंही. हायड्रोजन भरपूर, उष्णता सोसणारा आणि वजनाला हलका असा पदार्थ घडवणं कठीण आहे. रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी या कामात जरूर उतरावं.