एक घर, दोन आत्मकथने : आठवण, साक्ष आणि भाषा

आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना 'सत्यकथन' ही त्याची प्रमुख अट मानली जाते. मात्र एकाच घरातील दोन व्यक्ती एकाच काळाविषयी दोन पुस्तके लिहितात आणि ती परस्परांशी जुळत नाहीत, तेव्हा ही अट कशी लावावयाची, हा प्रश्न उरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका अमेरिकन उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. घरातील मतभेद आपल्याकडेही असतात. पण आई आणि मुलगी या दोघींचीही बाजू छापील पुस्तकाच्या रूपाने वाचकासमोर यावी, असा योग क्वचितच येतो.

तारा वेस्टओव्हर यांचा जन्म १९८६ सालचा. अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या डोंगराळ भागात, सात भावंडांत सर्वांत धाकट्या म्हणून त्या वाढल्या. वडील भंगाराचा व्यवसाय करीत. आई सुईणीचे काम करी व जडीबुटीची औषधे देई. घर मॉर्मन पंथाचे. सरकार, सरकारी शाळा आणि रुग्णालये यांवर वडिलांचा मुळीच विश्वास नव्हता. तारा वर्गात प्रथम बसल्या त्या सतराव्या वर्षी, तेही थेट ब्रिगहॅम यंग विद्यापीठात. आणि २०१४ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची इतिहास विषयातील डॉक्टरेट त्यांनी मिळवली. 'एज्युकेटेड' हे त्यांचे आत्मकथन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रण कुटुंबाने अमान्य केले. २०२० मध्ये आई लारी वेस्टओव्हर यांचे 'एज्युकेटिंग' हे पुस्तक आले. मुले घरी शिकतच होती, ही बाजू त्यात मांडलेली आहे.

अशा वेळी सामान्य वाचक विचारतो, "यांतली खोटे कोण बोलते?" हा प्रश्न अनुचित नाही, मात्र तो पहिला प्रश्न नसावा. आधी पाहावयाचे ते हे, की सांगणाऱ्याला ही गोष्ट कशी ठाऊक झाली आणि ते तो वाचकाला सांगतो का.

याबाबतीत मराठी भाषा आपल्याला चांगली साधने देते. 'पाऊस पडला', 'पाऊस पडला म्हणे', 'पाऊस पडला असावा', 'पाऊस पडलेला दिसतो' ही चार वाक्ये घ्या. पाऊस चारही वाक्यांत तोच आहे. बदलला आहे तो बोलणाऱ्याच्या ज्ञानाचा उगम. पहिल्यात तो स्वतःच्या जबाबदारीवर विधान करतो, दुसऱ्यात ऐकीव माहिती पुढे करतो, तिसऱ्यात तर्क करतो, चौथ्यात ओल्या अंगणाकडे बोट दाखवतो. 'म्हणे' हा शब्द आपण दिवसातून कितीदा वापरतो याची गणती नाही, आणि त्यामुळेच त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. आणखी एक गोष्ट पाहा. मराठीत आपण 'मी विसरलो' म्हणतो, पण 'मी आठवलो' असे म्हणत नाही. 'मला आठवले' म्हणतो. विसरण्याच्या क्रियेत 'मी' कर्ता आहे. आठवण मात्र 'मला' येते, जणू बाहेरून. आठवणीवर आपली पूर्ण सत्ता नसते, हे या वाक्यरचनेत आधीच मान्य केलेले दिसते.

लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'चा आरंभ या दृष्टीने पुन्हा वाचावा. १८५७ च्या उठावात आजोबांना झालेली फाशी ही लक्ष्मीबाईंच्या जन्मापूर्वीची घटना. ती त्यांची आठवण असू शकत नाही. घरात ऐकून त्यांची झालेली आहे. लक्ष्मीबाईही शाळेत गेलेल्या नव्हत्या, हे येथे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

आता तारा वेस्टओव्हर यांच्याकडे परत येऊ. त्यांच्या पुस्तकाचा प्रारंभच एका न घडलेल्या आठवणीने होतो. १९९२ साली उत्तर आयडाहोतील रूबी रिज येथे सरकारी यंत्रणेने वीव्हर नावाच्या कुटुंबाला वेढा घातला. आई आणि चौदा वर्षांचा मुलगा गोळीबारात मारले गेले. एक सरकारी अधिकारीही मृत्युमुखी पडला. तारा तेव्हा पाच वर्षांच्या होत्या. वडिलांनी ती हकिकत घरात सांगितली आणि मुलीच्या मनात चित्र उमटले ते स्वतःच्याच घराचे : अंधारलेले स्वयंपाकघर, दबा धरून बसलेली भावंडे, गोळी लागून कोसळणारी आपली आई. हे घडलेले नाही, कल्पिलेले आहे आणि पुढे आठवण होऊन बसले आहे, हे लेखिका पहिल्याच पानांत स्पष्ट करते. मुले शाळेत जात नाहीत म्हणून सरकार त्या कुटुंबावर चालून आले, अशी तिची समजूत होती. विद्यापीठात शिकताना तिने त्या घटनेची माहिती शोधली, तेव्हा मुलांच्या शाळेचा त्या वेढ्याशी संबंधच नव्हता, असे तिला आढळले. बालपणातील भयाचा एवढा मोठा भाग एका 'म्हणे'वर उभा होता. आणि ज्या घरात बाहेरचे वर्तमानपत्र, शिक्षक, शेजारी यांपैकी कोणाचेच शब्द विश्वासाने येत नाहीत, तेथे हा 'म्हणे' गळून पडतो व ऐकीव गोष्ट प्रत्यक्ष होऊन बसते. एकाकी बालपणाचा भाषिक परिणाम तो हाच, असे मला वाटते.

जन्मतारखेचे उदाहरण साधे, पण बोलके आहे. नऊ वर्षांची होईपर्यंत ताराचा जन्मदाखलाच नव्हता. जन्म सप्टेंबरअखेरचा एवढे ठाऊक; म्हणून दरवर्षी ती रविवार टाळून एखादा दिवस वाढदिवसासाठी निवडी. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वडीलधाऱ्यांची जन्मतारीख शाळेतील गुरुजींनी घातलेली, १ जून ही असते. त्यामुळे या प्रसंगाचे आपल्याला फारसे नवल वाटू नये.

खरा कस लागतो तो भावाच्या पायाला लागलेल्या आगीच्या प्रसंगी. पेट्रोलने भिजलेल्या पँटने पेट घेतला आणि पाय भाजला. ताराच्या आठवणीत भाऊ एकटाच घराकडे आला आणि लहानग्या ताराने त्याचा पाय कचऱ्याच्या डब्यातील पाण्यात बुडवला. भावाच्या सांगण्यात वडील तेथे होते. दुसऱ्या एका भावाचे सांगणे आणखी निराळे. लेखिकेने स्वतःचे कथन बदलले नाही, पण तळटीप दिली आणि पुस्तकाच्या शेवटी एक स्वतंत्र टिपण जोडून या सर्व आठवणी शेजारी शेजारी मांडल्या. मतभेद लहान दिसतो. तो लहान नाही. वडील तेथे होते की नव्हते, यावर त्या माणसाविषयीचे आपले मत ठरते. भाजलेल्या मुलाला एकटे सोडणारा बाप आणि त्याला उचलून आणणारा बाप हे दोन भिन्न बाप आहेत. येथे तळटीप आपल्या 'म्हणे' आणि 'असावा' यांचेच काम करते.

तथापि सर्व मतभेद या एकाच मापाने मोजता येत नाहीत. पुस्तकात एका भावाकडून झालेल्या मारहाणीचे वर्णन आहे आणि कुटुंबाशी फाटाफूट झाली ती यावरूनच. अशा एका रात्रीविषयी ताराच्या रोजनिशीत दोन नोंदी आहेत : एक तिने जे अनुभवले त्याची, दुसरी भावाने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणाप्रमाणे. तिने दोन्ही ठेवल्या. 'दोघांचेही थोडेथोडे खरे असेल' असे म्हणून येथे मध्यम मार्ग काढणे म्हणजे समतोल नव्हे; तो वाचनाचा आळस होय. ज्याला मार बसला त्याची साक्ष आणि जो तेथे नव्हता त्याचा नकार यांचे वजन सारखे नसते. त्याचबरोबर, जी लेखिका आपल्या शंका उघड करते तिचे प्रत्येक विधान आपोआप खरे ठरते, असेही नाही. तिचे कथन तपासता येते, एवढाच त्याचा विशेष. पण माझ्या मते तो मोठा आहे.

दोन्ही शीर्षके आता शेजारी ठेवून पाहा. मुलीचे शीर्षक भूतकाळवाचक कृदंत आहे. त्यात शिक्षण झाल्याचे कळते, ते कोणी दिले हे दडलेले राहते. आईच्या शीर्षकात क्रिया चालू आहे आणि ती करणारी आई आहे. मराठीत हा भेद 'शिकणे' आणि 'शिकवणे' या दोन धातुरूपांनी सरळ दिसतो. 'मी शिकले' हे मुलीचे वाक्य, 'मी शिकवले' हे आईचे. सात भावंडांपैकी तिघांनी डॉक्टरेट मिळवली, ही वस्तुस्थिती दोन्ही वाक्यांखाली बसते. घरची बाजू मांडणारे ती घरच्या शिक्षणाचा पुरावा म्हणून पुढे करतात; तारा मात्र डॉक्टरेट झालेले तिघे आणि शालान्त प्रमाणपत्रही नसलेले बाकीचे, यांच्यातील दरीकडे लक्ष वेधते. आकडा एकच, त्याची क्रियापदे दोन.

स्वयं-अध्ययनासाठी कृती : आपल्या घरातील एक जुना प्रसंग निवडा. तो दोन नातलगांकडून स्वतंत्रपणे ऐका आणि शक्य तितक्या त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. 'म्हणे', 'असावे', 'मला आठवते' आणि साधा भूतकाळ यांपैकी कोणी कोठे काय वापरले, ते अधोरेखित करा. जेथे दोन्ही हकिकती जुळत नाहीत, तेथे स्वतःचा निर्णय न देता फक्त तळटीप लिहा. ती कोणत्या शब्दांत लिहावी लागली, यावर दहा ओळी लिहून संपर्कसत्रास आणा.