एक कोयता, दोन माणसे

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील धारूर, केज, पाटोदा, वडवणी या भागांतून ऊसतोड मजुरांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस हा अर्धा कोयता. पण याच जोडप्याला लग्नानंतर दोन-तीन वर्षांत मूल झाले नाही, की हिशेब एकदम बदलतो. आता दोष एकटीचा ठरतो आणि घरात दुसऱ्या लग्नाची बोलणीही सुरू होतात.

आपली भाषाही तेच करते. ‘वांझ’ हा शब्द बाईसाठी आहे. पुरुषासाठी तसा शब्दच नाही. ‘नपुंसक’ म्हणतात, पण त्याचा अर्थ वेगळा. शरीरसंबंध नीट ठेवू शकणाऱ्या, धडधाकट पुरुषाच्या वीर्यातही शुक्राणू कमी असू शकतात, किंवा मुळीच नसू शकतात. बाहेरून ते कळत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीकडील कारणाबरोबर, सापडते.

गर्भ राहण्यासाठी काय काय जुळावे लागते ते पाहू. स्त्रीच्या अंडाशयातून महिन्याला बहुधा एकच स्त्रीबीज बाहेर पडते. ते बीजवाहक नलिकेत शिरते आणि जेमतेम एक दिवस टिकते. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात सुमारे पाच दिवस जगू शकतात. कोट्यवधी निघतात, नलिकेपर्यंत थोडे पोहोचतात, एकाचाच बीजाशी संयोग होतो. मग तो गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजावा लागतो. यातली कोणतीही पायरी निखळली, तर गर्भ राहत नाही.

काही खुणा मात्र दिसतात. पाळी ३५ दिवसांहून उशिरा येत असेल किंवा महिनोन्‌महिने येत नसेल, तर बीज नियमित बाहेर पडत नसावे, अशी शंका घ्यावी. अंडाशयाचे किंवा थायरॉइड ग्रंथीचे विकार यामागे असू शकतात. पाळीच्या वेळी कामधंदा सोडून पडून राहावे लागेल इतके दुखणे, हीही खूणच. जंतुसंसर्गाने किंवा क्षयाने नलिका बंद होतात, तेव्हा मात्र पाळी अगदी वेळेवर येत राहते. पुरुषांत लहानपणी न उतरलेले अंडकोश, वयात आल्यावर झालेल्या गालफुगीत अंडकोश सुजणे, अंडकोशातील फुगलेल्या शिरा यांची चौकशी करावी. अंडकोश शरीराबाहेर आहेत, कारण शुक्राणू तयार होण्यास दोन-तीन अंशांनी थंड जागा लागते. तंबाखू आणि दारूचाही शुक्राणूंवर वाईट परिणाम होतो.

फडावर पाण्याची आणि संडासाची सोय नसते. पाळीच्या दिवसांतही बाई मोळ्या वाहते. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे या तक्रारी वाढतात. खाडा परवडत नाही म्हणून उपचार राहून जातो. वेळीच औषध घेतले तर असे बरेच संसर्ग बरे होतात. पण बीडमध्ये काय झाले? २०१९ साली जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. यांतील कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. गर्भाशय काढल्यावर मूल होण्याची वाट कायमची बंद होते, हे वेगळे सांगायला नको.

मग वंध्यत्वाची शंका केव्हा घ्यायची? कोणतेही साधन न वापरता नियमित संबंध असूनही एक वर्षात गर्भ राहिला नाही, तर तपासणी करावी. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, आणि वर सांगितलेली एखादी खूण असेल तर लगेच. सोळाव्या वर्षी लग्न लावून सतराव्या वर्षी मुलीला नावे ठेवणाऱ्यांना ही व्याख्या लागूच पडत नाही. या वयात पाळी पुष्कळदा अनियमितच असते, आणि १८ वर्षांखालील मुलीचे लग्न हा कायद्याने गुन्हा आहे.

तपासणी दोघांची एकाच वेळी सुरू व्हावी. सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी पुरुषाचीच: वीर्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. लेव्हेनहुकने १६७७ साली स्वतः घडवलेल्या भिंगातून शुक्राणू पाहिले होते, तेव्हा आज ते अवघड का असावे? एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाखांहून कमी शुक्राणू असतील तर संख्या कमी समजतात. त्यांची हालचाल आणि आकारही पाहतात. असे असताना नवऱ्याचा नमुना न तपासता बायकोला मात्र इंजेक्शने, नवस आणि अंगारे चालू राहतात.

कारण सापडले की पुष्कळदा उपायही असतो. बीज बाहेर पडत नसेल तर गोळ्या आहेत, थायरॉइडवर औषध आहे. नलिका बंद असतील तर स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचा संयोग शरीराबाहेर घडवता येतो, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून हर्षा अशीच जन्मली. हा उपाय मात्र महाग आहे आणि दर वेळी यशस्वी होत नाही.

एक अडचण बीडचीच. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून पहिला अहवाल वाईट आला, तर तीन महिन्यांनी पुन्हा नमुना तपासतात. पाळीचीही दोन-तीन महिने नोंद ठेवावी लागते. गाडी फडाकडे निघाल्यावर हे जमत नाही. तेव्हा पट्टा पडून जोडपे गावी परतले, की पेरणीच्या आधीच दोघांनी अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा बीडचे जिल्हा रुग्णालय गाठावे. म्हणजे दुसरा अहवाल दसऱ्याच्या आत हातात पडतो.