चकमकीच्या टेकड्यांतील खडीचे रस्ते
डांबरी सडक सोडून खडीच्या व मातीच्या रस्त्यांवरून लांब पल्ल्याची सायकल चालवणे, म्हणजेच ग्रॅव्हल सायकलिंग, या छंदाची जणू पंढरी ठरलेले एम्पोरिया हे गाव अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, निओशो आणि कॉटनवुड या नद्यांच्या दरम्यान वसले आहे. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत शेती होते. पश्चिमेकडील फ्लिंट हिल्स टेकड्यांत मात्र मातीचा थर पातळ आणि खालच्या चुनखडीत चकमकीचा कठीण दगड असल्यामुळे नांगर फारसा चालला नाही, उंच गवताची कुरणे टिकली, आणि गुरचराईच्या त्या विरळ वस्तीत बरेचसे रस्ते खडीचेच राहिले.

सायकलस्वाराची खरी परीक्षा पाहतो तो हाच चकमकीचा दगड, कारण तो फुटला की त्याला नवी धार येते आणि ती टायरच्या पातळ बाजूला चिरते. म्हणून येथे रुंद, आत ट्यूब नसलेले टायर वापरतात. त्यांत ओतलेला द्रव बारीक छिद्र आपोआप बुजवतो, पण मोठी चीर पडली की तो फवाऱ्यासारखा बाहेर उडतो आणि चिकट रबरी पट्टी खुपसण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पावसानंतरचा चिखल त्याहून छळणारा, कारण तो चाक आणि सांगाडा यांमधील फटीत घट्ट बसतो व सायकल खांद्यावर घ्यायला लावतो.

येथील सुमारे ३२० किलोमीटरची शर्यत २००६ मध्ये सुरू झाली आणि आज ती ‘अनबाउंड’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात उंच घाट नाहीत, पण लहान चढउतारांची न संपणारी रांग आणि सावलीविना सोसावा लागणारा वारा धडधाकट स्वारालाही जेरीस आणतो.